लिटलकोट हाऊस : एका सुईणीची जबानी आणि चारशे वर्षांची भूतकथा

इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात, बर्कशरच्या हद्दीला लागून, केनेट नदीच्या खोऱ्यात लिटलकोट हाऊस हा एलिझाबेथकालीन प्रासाद उभा आहे. हंगरफर्ड हे बाजारपेठेचे गाव तेथून काही मैलांवर आहे. १९९६ पासून या वास्तूत वॉर्नर या कंपनीचे, केवळ प्रौढ पाहुण्यांसाठी असलेले हॉटेल चालते. लांबलचक गॅलरी, लाकडी फळ्यांनी मढवलेले दिवाणखाने आणि जुनी उद्याने यांच्या जोडीला या हॉटेलची आणखी एक ओळख आहे. इंग्लंडमध्ये झपाटलेल्या वास्तूंची नावे निघतात तेव्हा लिटलकोटचे नाव हमखास घेतले जाते, आणि त्या ख्यातीच्या मुळाशी एका नवजात बालकाच्या हत्येची कथा आहे.

अशा हॉटेलांच्या भुतांविषयी दोन तऱ्हांनी लिहिले जाते. एक तर अंगावर काटा आणणारी गोष्ट म्हणून ती सांगितली जाते, किंवा अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारली जाते. लिटलकोटच्या बाबतीत या दोन्ही वाटा अपुऱ्या पडतात, कारण येथे भूतकथेच्या मागे सोळाव्या शतकातील प्रत्यक्ष कागद उपलब्ध आहेत. कथेतील कोणता भाग त्या कागदांत सापडतो, कोणता पुढे जोडला गेला आणि जोडताना काय गळून पडले, हे बऱ्याच नेमकेपणाने तपासता येते. या प्रकरणाचा अभ्यास त्यासाठीच करावासा वाटतो.

प्रचलित कथा

कथेचे आजचे रूप मुख्यतः स्कॉटिश कवी व कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांच्यामुळे घडले. १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रोकबी’ या त्यांच्या काव्याच्या टिपांमध्ये ही हकीकत सविस्तर दिलेली आहे. नोव्हेंबरमधील एका पावसाळी काळोख्या रात्री एक म्हातारी सुईण आपल्या झोपडीत विस्तवापाशी बसलेली असताना एक घोडेस्वार दारात येतो. एका प्रतिष्ठित स्त्रीची सुटका करायची आहे, बिदागी भरपूर मिळेल, मात्र डोळे बांधून यावे लागेल, असे तो सांगतो. सुईण त्याच्या मागे घोड्यावर बसते. चिखलातून आणि आडवाटांनी बराच प्रवास झाल्यावर तिला एका मोठ्या घरात नेले जाते. पट्टी सुटते तेव्हा समोर पलंगावर प्रसूतिवेदनांनी तळमळणारी स्त्री असते आणि खोलीत एक उग्र चेहऱ्याचा पुरुष उभा असतो. मूल जन्मताच तो पुरुष ते सुईणीच्या हातून हिसकावून घेतो आणि फायरप्लेसमधील धगधगत्या निखाऱ्यांत लोटतो.

सुईणीला पैसे देऊन पुन्हा डोळे बांधून घरी पोचवले जाते. तिने मात्र दोन खुणा राखलेल्या असतात. पलंगाच्या पडद्याचा एक छोटा तुकडा कापून तिने ती जागा पुन्हा शिवून टाकलेली असते आणि जिना उतरताना पायऱ्या मोजलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी ती दंडाधिकाऱ्याकडे जाते, खुणा जुळतात, घर लिटलकोटचे आणि पुरुष त्याचा मालक डॅरेल असल्याचे निष्पन्न होते. खटला उभा राहतो, पण न्यायाधीशाला वश करून डॅरेल सुटतो. काही महिन्यांतच शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून त्याची मान मोडते. ज्या ठिकाणी तो पडला त्या कुंपणाच्या पायरीला त्याचे नाव पडते आणि संध्याकाळ झाल्यावर तेथून जाण्यास शेतकरी भिऊ लागतात, असे स्कॉट यांच्या टिपेत म्हटले आहे. लिटलकोटमधील एका शयनगृहात जुन्या, विटलेल्या निळ्या कापडाचा पलंग असून त्याच्या पडद्याला लावलेले ठिगळ पाहुण्यांना दाखवले जाते, हेही तिथेच नोंदवलेले आहे.

त्यानंतरच्या काळात भुते वाढत गेली. ज्या खोलीत बाळंतपण झाले असे मानतात तेथे आणि तिच्या आसपास मूल कुशीत घेतलेली स्त्री दिसते, जमिनीवरचे डाग पुसले जात नाहीत, आणि कुंपणापाशी जळत्या बालकाची आकृती समोर आल्यामुळेच डॅरेलचा घोडा बुजला, असे सांगितले जाऊ लागले. त्याच ठिकाणी स्वतः डॅरेल रात्री शिकारी कुत्र्यांसह फिरतो, अशीही आख्यायिका आहे.

जुने कागद काय सांगतात

स्कॉट यांच्या आधी सुमारे सव्वाशे वर्षे, विल्टशरमध्येच जन्मलेले पुरातत्त्वप्रेमी जॉन ऑब्री यांनी ही हकीकत लिहून ठेवली होती. डॅरेलचे चरित्र म्हणून नव्हे, तर सर जॉन पोफम या न्यायाधीशाच्या चरित्रटिपणात त्यांनी ती दिली, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. ऑब्री यांच्या टिपणात सुईण डोळे बांधूनच येते, परंतु पडद्याचा तुकडा आणि पायऱ्यांची मोजणी त्यात नाही. तेथे ती अधिक साध्या आणि अधिक बुद्धिमान रीतीने घर शोधते. घोड्यावर आपण किती वेळ होतो, त्या वेगाने तेवढ्या वेळात किती मैल कापले जातील, आणि खोली बारा फूट उंच होती म्हणजे ते कोणा बड्या माणसाचेच घर असले पाहिजे, असा हिशेब ती मनाशी मांडते. मूल ‘बायकोच्या दासीचे’ होते असे ऑब्री म्हणतात आणि डॅरेलला ‘सर’ हा किताब देतात. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, कारण विल्यम डॅरेलला नाइट ही पदवी कधी मिळाली नव्हती आणि त्याने लग्नही केले नव्हते. जीव वाचवण्यासाठी डॅरेलने हे घर, उद्यान आणि जहागीर न्यायाधीशाला लाच म्हणून दिली, असा टिपणाचा शेवट आहे.

याहून जुना, म्हणजे घटनेच्या काळातलाच कागद आहे तो सुईणीच्या जबानीचा. ग्रेट शेफर्ड हे बर्कशरमधील गाव लिटलकोटपासून काही मैलांवर आहे. तेथील मदर बार्न्स नावाच्या सुईणीने १५७८ च्या सुमारास, मृत्यूपूर्वी, ब्रिजेस नावाच्या स्थानिक दंडाधिकाऱ्यापुढे जबानी दिली. चार्लटन या गावच्या लेडी निव्हेट यांच्याकडून बोलावणे आले आहे असे सांगून आपल्याला रात्री घोड्यावरून नेण्यात आले, असे ती म्हणते. प्रत्यक्षात ते घर दुसरेच निघाले. प्रसूत होणारी स्त्री मुखवटा घालून होती. काळे मखमली कपडे घातलेला एक गृहस्थ तेथे होता. बाळाला गुंडाळायला घरात कापडच ठेवलेले नव्हते, म्हणून सुईणीने ते आपल्या एप्रनमध्ये घेतले. त्या गृहस्थाने ते विस्तवात टाकण्यास सांगितले, तेव्हा मूल मला द्या, मी माझे म्हणून वाढवीन, अशी तिने विनवणी केली. ती ऐकली गेली नाही.

या जबानीत डॅरेलचे नाव कोठेही नाही. लिटलकोटचेही नाव नाही. तिने ज्याला पाहिले त्याला ओळखले असल्याचा तिचा दावा नाही आणि जे माहीत नव्हते ते तिने सांगितलेले नाही. या एका गोष्टीसाठी मला ही साक्ष अत्यंत प्रामाणिक वाटते. बालकाला गुंडाळायला वस्त्र नसणे हा तपशील तर कोणी रचून घालील असा नाही. ज्या घरात मूल जगावे अशी कोणाचीच इच्छा नव्हती त्या घराची सगळी तयारी त्या एका उणिवेतून कळते, आणि तो सुईणीच्याच नजरेला पडणारा तपशील आहे.

मग डॅरेलचे नाव कोठून आले? त्याचे उत्तर विल्टशरमधल्याच लाँगलीट या प्रासादातील कागदपत्रांत एकोणिसाव्या शतकात सापडले. चार्लटनच्या सर हेन्री निव्हेट यांनी २ जानेवारी १५७९ रोजी (त्या काळी इंग्लंडमध्ये वर्ष मार्चमध्ये बदले, म्हणून त्या वेळच्या गणनेनुसार १५७८) लाँगलीटच्या सर जॉन थिन यांना एक पत्र लिहिले होते. थिन यांच्या पदरी बोनहॅम नावाचा एक माणूस होता आणि त्याची बहीण डॅरेलच्या घरी राहत होती. या बोनहॅमने आपल्या बहिणीला काही प्रश्न विचारावेत, अशी निव्हेट यांची विनंती होती. डॅरेलकडे तिला कसे वागवले गेले, तिला मुले किती झाली आणि त्या मुलांचे पुढे काय झाले, हे ते प्रश्न होते. त्यांतील एका मुलाच्या खुनाची वदंता झपाट्याने पसरत असून ती डॅरेलला चांगलीच भोवणार आहे, असेही पत्रात होते.

दोन्ही कागद शेजारी ठेवले की एक दुवा दिसतो. सुईणीला फसवताना लेडी निव्हेट यांचेच नाव वापरले गेले होते, आणि चौकशीचे पत्र लिहिणारेही निव्हेटच आहेत. आपल्या घराण्याचे नाव अशा कृत्यात गोवले गेल्याचे कळल्यावर सर हेन्री हातावर हात धरून बसले नसतील, हे उघड आहे. त्यांना ज्याचा संशय आला तो माणूस डॅरेल होता. हा माझा तर्क आहे, पण दोन कागदांच्या तारखा इतक्या जवळच्या आहेत की तो टाळणे कठीण जाते.

डॅरेल : बदनामीला सोपा माणूस

विल्यम डॅरेलविषयी न्याय्य बोलायचे, तर त्याच्यावर बालहत्या सिद्ध झाली असे म्हणता येत नाही. १८८६ साली इतिहासकार ह्यूबर्ट हॉल यांनी सरकारी दप्तरातील डॅरेलच्या कागदांचा अभ्यास करून त्याची बाजू मांडली. त्या कागदांत १५८९ मधील त्याच्या लंडनमधील मुक्कामाच्या खर्चाचा हिशेबही आहे आणि त्यातून दिसणारा माणूस राक्षस नव्हे, तर देण्यांनी आणि दाव्यांनी गांजलेला जमीनदार आहे. त्याचे शेजाऱ्यांशी वर्षानुवर्षे खटले चालू होते. परगण्यात त्याला शत्रूंची वाण नव्हती.

त्यात हंगरफर्ड प्रकरणाची भर होती. फार्लीच्या सर वॉल्टर हंगरफर्ड यांनी १५७० च्या आगेमागे आपली पत्नी अ‍ॅन हिच्यावर डॅरेलशी व्यभिचार केल्याचा आणि आपल्याला विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप ठेवला. आरोप सिद्ध झाले नाहीत आणि पत्नीचा खर्च देण्यास नकार दिल्यामुळे खुद्द सर वॉल्टर यांनाच तुरुंगात जावे लागले. तथापि अ‍ॅनने डॅरेलला लिहिलेली प्रेमपत्रे उपलब्ध आहेत. म्हणजे कायद्याने ती सुटली आणि लोकांच्या दृष्टीने डॅरेलच्या नावाला काळिमा कायमचा लागला. आठ-दहा वर्षांनी बालहत्येची वदंता निघाली तेव्हा ती कोणाला चिकटणार, हे जणू आधीच ठरलेले होते.

म्हणून शत्रूंनी सगळेच रचले, असा निष्कर्ष काढून मोकळे होणेही मला पटत नाही. जबानी रचलेली असती तर रचणाऱ्याने तिच्यात डॅरेलचे नाव घातले असते. कोठेतरी एका श्रीमंत घरात एक मूल जाळले गेले, एवढे त्या सुईणीच्या शब्दावर मी मानतो. ते घर लिटलकोट होते की नाही हे त्या काळात ठरवता आले असते, कारण बोनहॅमची बहीण हयात होती आणि निव्हेट यांनी विचारायचे प्रश्न लिहूनही दिले होते. तिचे उत्तर मात्र कोठेही उरलेले नाही.

लाचेची कथा आणि पोफमचे पंचांग

कथेचा सर्वांत नाट्यमय भाग म्हणजे न्यायाधीशाची लाच, आणि नेमका तोच तारखांपुढे टिकत नाही. सर जॉन पोफम १५७९ साली सॉलिसिटर जनरल झाले, १५८१ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल झाले आणि सरन्यायाधीशपदावर आले ते १५९२ साली. डॅरेल १ ऑक्टोबर १५८९ रोजी मरण पावला. पोफम न्यायासनावर बसून डॅरेलला सोडून देणे त्यामुळे शक्यच नव्हते. मृत्यू ‘खटल्यानंतर काही महिन्यांतच’ आला हेही खरे नाही, कारण जबानी आणि मृत्यू यांच्यात दहाहून अधिक वर्षे आहेत.

तरीही लोकांच्या संशयाला आधार होता. डॅरेलच्या मृत्यूनंतर लिटलकोट आपल्याकडे यावे, असा हक्क पोफम यांनी डॅरेलच्या हयातीतच, अ‍ॅटर्नी जनरल असताना, मिळवला होता. त्या पदावरील माणसाला फौजदारी कारवाई थांबवण्याचा अधिकार असे. कर्जात बुडालेला, असंख्य दाव्यांत अडकलेला आणि औरस अपत्य नसलेला जमीनदार राज्याच्या सर्वोच्च वकिलाला आपली जमीन देऊ करतो, हा व्यवहार कायदेशीर असेलही, पण गावातल्या माणसाने त्याचा काय अर्थ लावावा? पोफम यांनी घराचा ताबा घेतला आणि १५९२ पर्यंत आजचा विटांचा दर्शनी प्रासाद पुरा केला. त्याच वर्षी ते सरन्यायाधीश झाले. एकाच वर्षात आलेले हे नवे घर आणि नवे पद लोकस्मृतीत एक होऊन गेले असावे.

पोफम यांच्या वाट्यालाही भूतकथा आली, हे या प्रकरणात फारसे सांगितले जात नाही. दर्यावर्दी वॉल्टर रॅले यांच्या १६०३ मधील आणि पार्लमेंट उडवून देण्याचा कट करणाऱ्या गाय फॉक्स व त्याच्या साथीदारांच्या १६०६ मधील खटल्यांत न्यायासनावर असलेला हा माणूस १६०७ साली वारला आणि सॉमरसेटमधील वेलिंग्टनच्या चर्चमध्ये त्याचे भव्य स्मारक आहे. त्या भागातील आख्यायिका सांगते की, शिकारीच्या वेळी घोड्यासह एका खोल खड्ड्यात पडून तो थेट नरकात गेला. त्याच्या पत्नीच्या प्रार्थनांमुळे त्याच्या आत्म्याला दरवर्षी कोंबड्याच्या एका पावलाएवढे अंतर चर्चच्या दिशेने सरकण्याची मुभा मिळाली. लिटलकोटच्या कथेत आरोपी घोड्यावरून पडून मरतो आणि वेलिंग्टनच्या कथेत न्यायाधीशही तसाच मरतो. दोन वेगळ्या परगण्यांतील लोकांनी दोघांनाही एकच शिक्षा सुनावली आहे.

येथे या कथेची घडण मला स्पष्ट दिसते. जबानीत नसलेले आणि पुढे जोडले गेलेले भाग एकेक करून पाहावेत. पडद्याचा तुकडा आणि मोजलेल्या पायऱ्या हा पुरावा आहे. दंडाधिकाऱ्याने घर शोधून काढणे हा तपास आहे. मग खटला येतो, फिरवलेला निकाल येतो, घोड्यावरून पडून मृत्यू येतो आणि शेवटी भूत येते. वास्तवात जे घडले नाही ते सारे लोकांनी क्रमाने भरले आणि त्यातला प्रत्येक टप्पा न्यायदानाचा आहे. सुईणीने सांगायचे ते सांगितले होते, परंतु त्यापुढे काही हालले नाही. राहिलेले काम गोष्टीने केले, आणि गोष्टीतल्या न्यायालयातही श्रीमंत माणूस सुटलाच, म्हणून शेवटची शिक्षा जळत्या बालकाच्या आकृतीकडे सोपवावी लागली. एलिझाबेथकालीन ग्रामीण माणसाला आपल्या न्यायव्यवस्थेविषयी काय वाटत होते, याचे इतके रोखठोक चित्र सरकारी दप्तरात मिळणार नाही.

घराचा उरलेला इतिहास

या वास्तूला डॅरेलखेरीजही मोठा इतिहास आहे. आठव्या हेन्रीची राणी जेन सीमोर हिची आजी लिटलकोटच्या डॅरेल घराण्यातली होती. सतराव्या शतकातील इंग्लंडच्या यादवी युद्धात पोफम घराणे राजाविरुद्ध पार्लमेंटच्या बाजूने होते, आणि घरातील प्यूरिटन (कडव्या प्रोटेस्टंट) धाटणीच्या प्रार्थनागृहात वेदीच्या जागी प्रवचनपीठाला महत्त्व दिलेले आहे. डिसेंबर १६८८ मध्ये इंग्लंडवर चाल करून आलेला डच राजपुत्र ऑरेंजचा विल्यम लंडनच्या वाटेवर येथे उतरला होता आणि इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याने पाठवलेल्या प्रतिनिधींशी हंगरफर्ड व लिटलकोट येथे झालेल्या बोलाचालीनंतर थोड्याच दिवसांत इंग्लंडची गादी रिकामी झाली. उद्यानात रोमन काळातील हवेलीचे अवशेष आहेत. तेथील ऑर्फियस या ग्रीक पुराणातील गायकाचे चित्र असलेली मोझेइक फरशी अठराव्या शतकात सापडली, मग तिची जागा विसरली गेली आणि १९७७ मध्ये ती पुन्हा हाती लागली. १९४३-४४ मध्ये, नॉर्मंडीच्या चढाईपूर्वी, अमेरिकेच्या १०१ व्या हवाई डिव्हिजनमधील ५०६ व्या रेजिमेंटचे मुख्यालय या घरात होते. पोफम घराण्याकडून १९२० च्या दशकात ही मालमत्ता विल्स घराण्याकडे गेली. १९८५ मध्ये ती पुन्हा विकली गेली, तेव्हा यादवी युद्धाच्या काळातील शस्त्रसंग्रह रॉयल आर्मरीज या राष्ट्रीय संग्रहालयाने घेतला.

एक राजवट उलथवणारी बोलणी या छताखाली झाली आणि येथून निघालेल्या तरुण सैनिकांपैकी अनेक जण नॉर्मंडीतून परतले नाहीत. तरी लिटलकोटचे नाव काढले की पहिल्यांदा आठवते ती एक खोली आणि त्या खोलीतला विस्तव.

काय गळून पडले

कथेने जे मिळवले त्याची किंमत दोन स्त्रियांनी मोजली. पहिली बोनहॅमची बहीण. समकालीन पत्रात तिच्या हालांविषयी आणि तिच्या मुलांविषयी विचारणा आहे. ऑब्री यांच्याकडे ती नुसती दासी होते, स्कॉट यांच्याकडे पलंगावरची अनामिक स्त्री होते आणि आजच्या कथेत मूल घेतलेली आकृती होऊन पाहुण्यांना घाबरवते. तिला एकाहून अधिक मुले झाली असावीत असे ज्या पत्रातून सूचित होते, त्या पत्रातला ‘त्या सर्वांचे काय झाले’ हा प्रश्न भूतकथेने एका मुलापुरता आणि एका रात्रीपुरता आणून ठेवला.

दुसरी मदर बार्न्स. मूल मला द्या, ही तिची विनवणी तिच्या जबानीतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि नंतरच्या कथनांत त्या विनवणीऐवजी पडदा कापणारे चतुर हात आले. गोष्टीला हुशार साक्षीदार हवा होता. प्रत्यक्षातली बाई हुशार होती की नाही ठाऊक नाही, पण जिवाची धमकी असलेल्या घरात परक्या बाळासाठी शब्द टाकण्याइतकी ती धीट होती.

या हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्याला भूत दाखवायचेच असेल तर दाखवावे, त्याने कोणाचे नुकसान होत नाही. त्याआधी मात्र त्या गॅलरीच्या भिंतीवर जबानी आणि निव्हेट यांचे पत्र शेजारी शेजारी वाचायला मिळावे. चार्लटनचे खोटे नाव, मुखवटा, काळी मखमल, एप्रनमधले बाळ, आणि पत्रातील ते अनुत्तरित प्रश्न, एवढा मजकूर वाचायला दोन मिनिटेही लागत नाहीत. डॅरेल दोषी होता की नाही याचा निवाडा मग ज्याचा त्याने करावा, आणि मदर बार्न्सचे नाव तेथे डॅरेलच्या नावाआधी, मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे.